मृतांची अब्रू

ऐतिहासिक कादंबरी वाचीत असतां वाचक दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या मानीत असतो: हें सर्व कल्पित आहे आणि हें सर्व घडलेलें आहे. कादंबरीकाराचें सामर्थ्य या दुहेरी विश्वासावरच उभें असतें आणि त्याची जबाबदारीही तेथूनच उत्पन्न होते.

हरि नारायण आपटे यांचेंच उदाहरण घ्या. १८६४ सालीं खानदेशांत पारोळें येथें जन्मलेल्या या लेखकास विद्यापीठाची पदवी मिळाली नाहीं. परंतु १८९० मध्यें 'करमणूक' पत्र काढून त्यांनीं महाराष्ट्रास कादंबरीची गोडी लाविली. चुलत्यांनीं स्थापिलेल्या पुण्याच्या आनंदाश्रमाची व्यवस्थाही ते पाहात. तेथें संस्कृत पोथ्या परस्परांशीं ताडून, पाठभेद तळटीपांत देऊन ग्रंथ छापीत. अज्ञात लेखकाचें एक अक्षरही मनास येईल तसें बदलावयाचें नाहीं, अशी ती शिस्त होती.

त्याच हरिभाऊंनीं 'गड आला पण सिंह गेला' लिहिली. १६७० च्या फेब्रुवारींत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले, आणि मोंगलांचा रजपूत किल्लेदार उदेभान राठोड हाही लढतांना पडला. कादंबरींत मात्र हा उदेभान, सती जावयास निघालेल्या कमलकुमारीस पळवून आणणारा कामांध पुरुष आहे. इतिहासाच्या साधनांत या कमलकुमारीचा पत्ता नाहीं.

"कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हें वाचकास कळतें," असें कोणी म्हणेल. खरोखर कळतें काय? कोंढाण्यास सिंहगड हें नांव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलें, असें आपल्यांतील बहुतेक जण मानतात. वास्तविक तें नांव त्यापूर्वींच्या पत्रांतही आढळतें. या समजुतीनें कोणाची हानि होत नाहीं. पण उदेभानाची गोष्ट वेगळी. २०२० सालच्या तानाजींवरील हिंदी चित्रपटांतही तो विधवा राजकन्येस कोंडून ठेवणारा क्रूरकर्मा म्हणूनच अवतरला. जिवंत मनुष्यावर असा आळ आला तर तो निदान इन्कार तरी करितो. मृताचें तोंड बंद असतें.

शिवाय यांत तानाजींचाही लाभ नाहीं. आपला गड अखेरपर्यंत राखणाऱ्या शूराशीं झुंजून पडण्यांत जो गौरव आहे, तो एका लंपटास मारण्यांत कोठला? स्वराज्यासाठीं गड घेणें हा हेतु स्वतःच पुरेसा उदात्त होता. त्यास अबलेच्या सुटकेची जोड कशाला?

यांतून सुटण्याचा मार्ग हरिभाऊंस ठाऊक नव्हता असें नाहीं. 'उषःकाला'ंत त्यांनीं नानासाहेब हा तरुण कल्पनेनें निर्मिला आणि शिवकालाची सारी घालमेल त्याच्या मनांत आणि घरांत दाखविली. स्कॉटनेंही १८१४ मध्यें 'वेव्हर्ली'चा नायक कल्पितच घेतला होता. कल्पित मनुष्याच्या माथीं वाटेल तें पाप मारावें; त्यानें कोणाची अब्रू जात नाहीं. खऱ्या मृतास न उच्चारलेले शब्द द्यावे, न सांगितलेलें दुःखही द्यावें. परंतु पुराव्यावांचून अपराध मात्र देऊं नये.

हरिभाऊही १९१९ सालींच निवर्तले. तेही आतां उत्तर देऊं शकत नाहींत. म्हणून त्यांच्या हेतूविषयींही तर्क लढवूं नये. दर आठवड्यास वाचकांची उत्कंठा राखणाऱ्या लेखकास खलपुरुष लागतो, इतकें समजून घ्यावें. जो न्याय उदेभानास मागावयाचा, तो हरिभाऊंस नाकारून कसें चालेल?