घरातला समुद्र

आमच्या एका स्नेह्यांनी दिवाणखान्यात ५०० लिटरांची काचेची टाकी मांडली, तळाशी स्वहस्ते भोक पाडून नळी बसविली, खाली गाळणीची दुसरी टाकी ठेवली. लिटरास ३५ ग्रॅम क्षार, २६ अंश उष्णता. वीज गेली की त्यांचा जीव खालीवर होतो. आता त्यांस त्यात जिवंत पोवळे हवे आहे.

आम्ही १९७२ चा वन्यजीव कायदा पुढे केला. खडक रचणारी पोवळी २००१ पासून वाघाच्याच अनुसूचीत आहेत. ते म्हणाले, “१९९८ साली समुद्र तापला, तेव्हा लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडून मेली. इथे मी जपेन.” युक्तिवाद पोकळ नव्हे. पण जपल्याने मालकी येते काय? देवाचे दागिने महाजन जपतात, म्हणून घरी नेत नाहीत.

टाकीतला मधला खडक अजून रिकामा आहे. स्नेही आमच्याशी बेताचेच बोलतात.