एकतर्फी निकाल आणि गैरहजर नावे

१९३६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षपदाची जी निवडणूक झाली, तीत दक्षिण कॅरोलायना या राज्याने फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पदरात १,१३,७९१ मते टाकली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आल्फ्रेड लँडन यांची बोळवण १,६४६ मतांवर केली. शेकडा ९८ हूनही अधिक मते एका बाजूस पडावीत, असा हा निकाल होय. इतके मताधिक्य पाहून वाचक प्रथम चकित होतो, मग त्या लोकनायकाच्या थोरवीविषयी काही उद्गार काढतो, आणि पान उलटतो. माझे म्हणणे एवढेच, की पान उलटण्यापूर्वी त्या राज्याच्या खानेसुमारीकडे एकवार नजर टाकावी. १९३० च्या गणतीप्रमाणे तेथे सुमारे सतरा लाख चाळीस हजार माणसे राहत होती आणि त्यांत निम्म्याहून थोडे कमी लोक कृष्णवर्णीय होते. मते मात्र दोन्ही बाजूंची मिळून सव्वा लाखही भरत नाहीत. म्हणजे दर पंधरा जणांमागे एकाने मत दिले, आणि त्या एकाच्या मताला संपूर्ण राज्याचा कौल असे नाव मिळाले.

हे कसे घडले, याचा दस्तऐवज लपलेला नाही. १८९५ साली बेन टिलमन या पुढाऱ्याच्या प्रेरणेने त्या राज्याने नवी राज्यघटना केली आणि तीत मतदाराला लिहिता-वाचता यावे, नाही तर त्याच्या नावावर तीनशे डॉलरची मिळकत असावी, अशी अट घातली. वाचता येते की नाही, हे ठरविण्याचा अखत्यार नोंदणी करणाऱ्या अंमलदाराकडे होता. त्यामुळे गोऱ्या अर्धशिक्षिताला जे वाचन साधे, ते काळ्या शिक्षकाला साधेलच असे नव्हते. खरी चुरस डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत होई आणि तिचे दार केवळ गोऱ्यांना उघडे असे. गुप्त मतपत्रिकेची सरकारी व्यवस्थादेखील त्या राज्यात १९५० साली आली. तोवर पक्षांनी छापलेल्या चिठ्ठ्यांवर मतदानाचा व्यवहार चाले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. रूझवेल्ट तेथे खरोखरच लोकप्रिय होते. मंदीने खचलेल्या आणि कापसाच्या पडलेल्या भावाने नागवलेल्या मुलखाला त्यांच्या कारभाराने हात दिला होता. इतकेच काय, उत्तरेकडील शहरांत ज्या कृष्णवर्णीयांना मताधिकार होता, त्यांनी त्याच वर्षी, लिंकनच्या पक्षाशी असलेले पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते सोडून, बहुसंख्येने रूझवेल्टनाच मते दिली. तेव्हा दक्षिण कॅरोलायनातील काळ्या माणसाला मतपेटीपर्यंत जाऊ दिले असते, तर तोही बहुधा त्याच बाजूस गेला असता आणि निकाल जसाच्या तसा राहिला असता. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग हाच आहे. ज्याच्या गैरहजेरीने निकाल बदलत नाही, त्याच्या गैरहजेरीची चौकशी कोणी करीत नाही. पराभूताला त्यात लाभ दिसत नाही आणि विजेत्याला गरज वाटत नाही.

पारतंत्र्यातील हिंदुस्थानाशी त्या काळाची तुलना करून पाहण्याजोगी आहे. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ च्या आरंभी ब्रिटिश प्रांतांत ज्या निवडणुका झाल्या, त्यांत मिळकतीच्या आणि शिक्षणाच्या अटी घालूनही लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्शाची नावे मतदार याद्यांत होती. नाव असणे आणि मत देणे यांत अंतर आहे, हे मान्य करूनही, परकीय सरकारची ही कंजूष सनद आणि स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या एका राज्याचा व्यवहार शेजारी ठेवले असता कोणाची मान खाली जावी, हे उघड आहे.

हा सर्व विचार मला उज्जैनीच्या भैरवगढाच्या संदर्भात करावासा वाटतो. शहराच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी वसलेले हे उपनगर मराठी माणसाला परके नाही. येथील काळभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवितात आणि शिंद्यांच्या घराण्याची पगडी वाहतात. पानिपतानंतर महादजींनी या देवापुढे पगडी ठेवली, अशी परंपरा सांगतात. जवळच सिद्धवट आहे, तेथे पिंडदानासाठी दूरदूरचे लोक येतात. गल्ल्यांतून छिपे मेणाच्या छपाईचे कापड करतात, ज्याला बाहेरचे लोक बाटिक म्हणतात. आणि याच भैरवगढात उज्जैनचे केंद्रीय कारागृह आहे.

१३ मे २०२४ रोजी उज्जैन मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा देवळाचे पुजारी, छिपे, पिंडदानाचे ब्राह्मण, दारूच्या दुकानाचे मालक, हे सर्व मतदानास पात्र होते. तुरुंगाच्या भिंतीआडचे लोक नव्हते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम, त्याचे पाचवे पोटकलम, असे सांगते की जो इसम तुरुंगात कोंडलेला आहे अथवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला मत देता येणार नाही. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यास मात्र यातून सूट आहे. हे पोटकलम शिक्षा झालेला आणि न झालेला असा भेद करीत नाही. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस जे पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर लोक होते, त्यांतील चार लाख चौतीस हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अद्याप कोणत्याही न्यायासनाने ठरविलेला नाही असे. उलट, खालच्या कोर्टात ज्याला शिक्षा झाली, परंतु वरच्या कोर्टाने ज्याला जामिनावर सोडले, तो मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून घेऊ शकतो. तेव्हा व्यवहारात मताधिकार अपराधावर ठरत नाही, बऱ्याचदा जामीनदार मिळतो की नाही यावर ठरतो. दक्षिण कॅरोलायनाची तीनशे डॉलरची अट आणि आपली ही जामिनाची अट, यांत हेतूचा मोठा भेद आहे, हे मी आवर्जून नमूद करतो; एकीचा जन्म वर्णद्वेषातून झाला, दुसरीचा कायद्याच्या आळसातून. परंतु ज्याच्या खिशात काही नाही त्याच्यावर परिणाम कोणता होतो, असे विचारले, तर दोन्हींची उत्तरे फार दूर पडत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अनुकूलचंद्र प्रधान यांच्या अर्जावर हे पोटकलम वैध ठरविले. तुरुंगात असणारा मनुष्य आपल्या वर्तनाने तेथे गेलेला असतो, कैद्यांच्या मतदानाची व्यवस्था करण्यास पोलीसबळ अपुरे पडेल, आणि गुन्हेगारीची पार्श्वभूमी असलेल्यांना निवडणुकीपासून दूर ठेवणे इष्ट आहे, अशा आशयाची कारणे त्या निर्णयात आहेत. यांपैकी दुसरे कारण खर्चाचे आहे, त्याच्याशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही. तिसऱ्याचे काय झाले, ते मात्र पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या जुलैत त्याच न्यायालयाने असा निर्णय दिला की ज्याला तुरुंगात असल्यामुळे मत देता येत नाही, त्याला उमेदवार म्हणूनही उभे राहता येणार नाही. तर्काच्या दृष्टीने हे सुसंगत होते. संसदेने काही महिन्यांतच कायदा दुरुस्त केला आणि कैद्याला मत देता आले नाही तरी उभे राहता येईल, अशी तजवीज केली. त्या दुरुस्तीचे फळ २०२४ साली दिसले. तिहारच्या तुरुंगातून उभे राहिलेले अब्दुल रशीद शेख बारामुल्ल्यातून ओमर अब्दुल्ला यांचा पराभव करून लोकसभेचे सदस्य झाले. म्हणजे बंदीखान्यातील मनुष्य कायदे करणाऱ्या सभेत निवडून जाऊ शकतो, परंतु स्वतःच्या नावापुढे शिक्का मारू शकत नाही. पुढाऱ्याची सोय झाली. कोठडीतल्या बिनपुढारी माणसाची कोण करणार?

त्या निवडणुकीत उज्जैनचा निकाल सुमारे पावणेचार लाखांच्या फरकाने लागला. शेजारच्या इंदुरात त्याच दिवशी जे झाले, त्यापुढे हा फरक काहीच नव्हे. तेथे काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिल रोजी अर्ज मागे घेतला आणि मैदान मोकळे झाले. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते पडली, दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५१,६५९, आणि फरक भरला ११,७५,०९२. परंतु मतदानयंत्रावरील 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला २,१८,६७४ लोकांनी बोट लावले. माणूस नव्हता म्हणून दोन लाखांवर मतदारांनी माणसाच्या अभावाला मत दिले. ज्या शहराने सुमित्राताई महाजन यांच्यासारख्या चिपळूणच्या कन्येला आठ वेळा लोकसभेवर पाठविले, त्याच्या इतिहासात हा एक विलक्षण कौल म्हणावा लागेल. सुरतेत तर त्याच वर्षी मतदानच झाले नाही. प्रमुख विरोधकाचा अर्ज फेटाळला गेला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि एक खासदार बिनविरोध निवडून आला.

अमेरिकेच्या दक्षिणेने हाही प्रकार आधी करून ठेवलेला आहे. १९६४ साली ॲलाबामा राज्यात, विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचे नावच मतपत्रिकेवर नव्हते. त्यांनी नागरी हक्कांचा कायदा संमत करून घेतला होता, हा त्यांचा अपराध. त्याच निवडणुकीत मिसिसिपीने रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांना शेकडा ८७ मते दिली. याच मिसिसिपीने १९३६ साली रूझवेल्ट यांना शेकडा ९७ दिली होती. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले हे राज्य वस्तुतः तसूभरही हललेले नव्हते. दोन्ही वेळा मत देणारे जवळपास तेच होते, म्हणजे गोरे. कृष्णवर्णीय प्रौढांपैकी १९६४ साली नोंदणी झालेले शेकडा सातही नव्हते. पुढल्या वर्षी मताधिकाराचा केंद्रीय कायदा झाला आणि तीनच वर्षांत ते प्रमाण साठाच्या घरात गेले.

भैरवगढच्या छिप्याचे काम पाहिले की हे चटकन उमगते. कापडावर जेथे मेण लागते तेथे रंग चढत नाही. आणि मेण उकळून काढल्यावर जी नक्षी दिसते, ती रंग न पोहोचलेल्या जागांचीच असते. एकतर्फी निकालाची नक्षीही अशी वाचावी लागते.

आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या निवडणुकीत असे मेण ज्या मुलखांत जाड लागले, त्यांत उज्जैन ज्याचा भाग होते ते मध्यभारत राज्यही होते. १९५१-५२ च्या याद्या होत असताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच त्यांची नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हुकूम केला की खरे नाव नसेल तर नोंद राहणार नाही. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास २८ लाख अशा रीतीने याद्यांतून गेल्या, आणि त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्यभारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथल्या होत्या. सेन यांनी केले ते कठोर होते, पण माझ्या मते योग्यच होते. नावावाचून मताधिकार म्हणजे नवऱ्याच्या मताची दुसरी प्रत. शिवाय त्यांनी ही संख्या झाकली नाही. आपल्या अहवालात ती लिहून ठेवली, म्हणून आज आपण तिच्याविषयी बोलू शकतो. तथापि त्या निवडणुकीचा सारांश सांगताना काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, एवढेच सांगितले जाते. तो पक्ष सुमारे शेकडा ४५ मतांवर तेथवर पोहोचला, हेदेखील बहुधा राहून जाते.

मध्यभारत ज्यात सामावले गेले त्या मध्य प्रदेशाने पुढे १९८४ साली ४० पैकी ४० जागा काँग्रेसला दिल्या आणि २०२४ साली २९ पैकी २९ भाजपला. दुसऱ्या प्रसंगी विजेत्यांची मते सुमारे शेकडा ५९ होती, काँग्रेसची सुमारे ३२. जवळपास एक तृतीयांश मतदारांचा एकही प्रतिनिधी नसावा, हा आपल्या पद्धतीचा दोष की तिचा स्वभाव, यावर मोठा वाद होऊ शकतो. मी त्यात शिरत नाही. ते मतदार निदान मोजले तरी गेले.

चुरशीच्या लढतीत मात्र सर्वच चित्र पालटते. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा येथे सी. पी. जोशी एका मताने हरले आणि ते प्रकरण एकेका मताचा हिशेब मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००० साली फ्लोरिडात अध्यक्षपदाचा निर्णय ५३७ मतांवर लागला. त्यासरशी सगळ्या देशाच्या लक्षात आले की शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांना त्या राज्यात मताधिकार नाही, आणि त्यांची नावे गाळताना निरपराधांचीही गाळली गेली होती. नागरी हक्कांच्या आयोगाने तपास केला, वर्षानुवर्षे चळवळ चालली, आणि २०१८ साली फ्लोरिडाच्या मतदारांनीच, शेकडा ६४ हून अधिक बहुमताने, बहुतेक माजी कैद्यांना मताधिकार परत दिला. पुढल्याच वर्षी तेथील विधिमंडळाने दंड आणि कोर्टाची देणी आधी चुकती करण्याची अट जोडून त्यातील बराचसा भाग पुन्हा हिरावला, हेही लिहिले पाहिजे. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेत ज्या गुन्ह्यांसाठी मताधिकार कायमचा जातो त्यांची यादी आहे, चोरीपासून द्विभार्याविवाहापर्यंतची. १९५० आणि १९६८ चे दोन फेरफार सोडले तर ती आजही अमलात आहे. आणि १९८० पासून तेथे अध्यक्षपदाची प्रत्येक निवडणूक एकच पक्ष जिंकत आला आहे.