जडभरत खरोखरच जड असता तर?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, पाचवा स्कंध, अध्याय ९ ते १२.

जडभरताची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. हरणाच्या पाडसात जीव अडकला म्हणून भरत राजाला हरणाचा जन्म घ्यावा लागला. त्यानंतर तो एका ब्राह्मणाच्या घरी जन्मला. पुन्हा कशात गुंतायला नको म्हणून वेड्यासारखा, मुक्या-बहिऱ्यासारखा राहू लागला. वडिलांनी गायत्री शिकवायचा खूप प्रयत्न केला, पण व्यर्थ. वडील गेल्यावर सावत्र भावांनी त्याला शेतात राबायला लावलं. खायला काय, तर कणी, पेंड, कोंडा, नाहीतर भांड्याच्या बुडाची जळकी खरवड. पुढे रहूगण राजाच्या पालखीला एक भोई कमी पडला, तेव्हा याला धरून जुंपलं. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून हा जपून पाऊल टाकायचा आणि पालखी हिंदकळायची. राजाने टोमणे मारले, दमही दिला. मग जडभरत बोलला आणि ते ज्ञान ऐकून राजा खाली उतरला, पाया पडला.

यातून आपण सहसा काय शिकतो? कोणाला कमी लेखू नका, तो गुप्त ज्ञानी असू शकतो. ठीक आहे. पण मला इथे एक प्रश्न सोडत नाही. तो ज्ञानी नसता तर? त्याची बुद्धी खरोखरच मंद असती, तर भावांनी त्याला कोंडा घालणं आणि राजाने त्याला जुंपणं चाललं असतं का?

दहाव्या अध्यायात राजा स्वतःच सांगतो की त्याला इंद्राच्या वज्राची भीती वाटत नाही, ब्राह्मणाचा अपमान होण्याची वाटते. म्हणजे त्याचा पश्चात्ताप समोरचा कोण निघाला यावर अवलंबून आहे. साधा भोई निघाला असता, तर?

हा प्रश्न नुसता पुराणातला नाही. ज्यांची बुद्धी खरोखर हळू चालते, त्यांच्याशी समाज कसा वागला याचा इतिहास आहे, आणि तो फार जुनाही नाही.

१९१२ साली ब्रिटिश सरकारने भारतात 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आणला. त्यातल्या 'ल्युनॅटिक' या शब्दाच्या व्याख्येतच 'इडियट' धरलेला होता. म्हणजे मनाचा आजार झालेला माणूस आणि जन्मापासून समज कमी असलेला माणूस, दोघांना एकच दार. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली आपली सरकारी मनोरुग्णालयं याच कायद्याखाली कित्येक दशकं चालली.

आता जरा विचार करा. रुग्णालयाचा नियम साधा असतो : बरा झालास की घरी. मनाचा आजार येतो, उपचाराने आटोक्यातही येतो. पण बौद्धिक अक्षमता हा आजारच नाही. असा माणूस शिकतो, वाढतो, फक्त त्याच्या गतीने. जो आजारीच नाही, त्याला बरं कसं करणार? आणि बरा होत नाही म्हणून डिस्चार्ज कसा मिळणार? आत जायची वाट होती, बाहेर यायची नव्हती.

इंग्लंडमध्ये १९१३ च्या कायद्यानंतर अशा लोकांसाठी वेगळ्या 'कॉलनी' उभ्या राहिल्या. ज्यांना जमेल ते तिथल्या शेतात, धोबीखान्यात राबायचे. भरताच्या भावांची आठवण येते ना? १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि या कॉलन्या एका फटक्यात रुग्णालयं झाली. माणसं तीच, आता त्यांना पेशंट म्हणायचं.

१९६७ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या ईली हॉस्पिटलमधली हकिगत एका कर्मचाऱ्याने वर्तमानपत्राला कळवली. तिथल्या लोकांना वाईट वागणूक मिळते, त्यांच्या वाट्याचं अन्नसुद्धा चोरलं जातं, असं त्याचं म्हणणं होतं. चौकशी बसली. १९६९ च्या अहवालात त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या ठरल्या. १९७१ मध्ये ब्रिटिश सरकारने धोरण मांडलं की अशा लोकांसाठी रुग्णालयातल्या जागा कमी करायच्या आणि चारचौघांत राहायची सोय वाढवायची. आपल्याकडे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमता मनोरुग्णतेच्या व्याख्येतून वगळली. तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. एका व्याख्येतून सुटायला ८१ वर्षं!

कायदा बदलला, पण आपली नजर? आपण भाविक मंडळी कोणाला कोंडत नाही हे खरं. आपण म्हणतो, "देवाचं लेकरू आहे हो." आणि मग त्याच्यातला चमत्कार शोधतो. तारीख सांगितली की वार सांगतो, अख्खं हरिपाठ पाठ आहे, की लगेच व्हिडिओ आणि हात जोडलेले इमोजी. वाईट हेतू नसतो. पण आपणही रहूगणासारखंच करतोय ना? आत काहीतरी भारी निघालं, तर नमस्कार. आणि ज्याला वारही सांगता येत नाही, पाठांतरही येत नाही, त्याचं काय?

म्हणून बारावा अध्याय शांतपणे वाचा. तिथे जडभरत राजाला फटकारतो, पण स्वतःसाठी नाही. बाकीचे जे भोई आहेत, त्यांच्यासाठी. या दीनवाण्या माणसांना वेठीला धरतोस आणि वर प्रजेचा रक्षक म्हणवतोस, हे तुला शोभत नाही, असं तो सुनावतो. त्या भोयांपैकी कोणी लपलेला ज्ञानी होता, असं भागवत सांगत नाही. ते कोणीच 'निघाले' नाहीत. तरीही जडभरत त्यांच्या बाजूने बोलला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. तो खरोखर जड असता, तरी ते चाललं नसतं.

आजचं मनन : आपल्या सोसायटीत, नात्यात, सत्संगाला येणाऱ्या एखाद्या घरात अशी व्यक्ती असते. आपण तिच्याबद्दल तिच्या आईशी बोलतो, तिच्याशी नाही. आज तिला तिचं नाव विचारू या. उत्तराला वेळ लागेल, तेवढं थांबू या.

जय जय राम कृष्ण हरी.