फोटूच्या आधी

भाच्याचं मोरोक्कोचं तिकीट निघालं होतं. कासाब्लांकाला उतरायचं, तिथून रेल्वेनं फेस, मग माराकेश. जाण्याआधी गर्दीत फोटो काढायचा सराव हवा म्हणून तो पुण्याहून नामपूरला मामांकडे आला. मामांचा गावात जुना स्टुडिओ. लग्नं, बारशी, पासपोर्ट साईज, सगळं तिथंच.

भाच्यानं कुठून कुठून टिपा जमवल्या होत्या. कॅमेरा कमरेशी धरायचा, नजर भलतीकडे ठेवायची, शटरचा आवाज बंद करायचा, कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायची आणि क्लिक झालं की थांबायचं नाही.

मामा म्हणाले, "हे तर खिसेकापूचं शिक्षण झालं की रे."

दुसऱ्या दिवशी भाचा बाजार समितीत गेला. कांद्याचा लिलाव सुरू होता. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेत उभे, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतोय. एका ट्रॉलीला भाव पुकारला गेला आणि घोळका पुढे निघाला. मागे राहिलेल्या शेतकऱ्यानं ढिगातला एक कांदा उचलला, अंगठ्यानं वरचं सुटं साल उडवलं, कांदा फिरवून पाहिला आणि होता तिथं परत ठेवला. तेवढ्यात भाच्यानं बोट दाबलं.

शेतकऱ्यानं पाहिलं. "फोटू कसाले काढस रे भो?"

"चेहऱ्यावर भाव फार छान आलेत, काका."

"भाव पडना, त्याना फोटू काढ. मना तोंडना कसाले?"

आजूबाजूचे हसले. तो शेतकरी हसला नाही. लिलावाचा कागद खिशात कोंबून तो गाडीवर चढला आणि व्यापाऱ्याच्या खळ्याकडे निघून गेला. आठवडे बाजारात मिरच्या विकणाऱ्या मावशींनी तर कॅमेरा दिसताच पदर ओढून तोंड फिरवलं. भाच्यानं त्या पाठमोऱ्या पदराचाही फोटो घेतला.

संध्याकाळी मामांनी सगळे फोटो पाहिले. उजेड चांगला पकडलायस, म्हणाले. ते खरंही होतं. मग कांदेवाल्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण? कुठल्या गावचा?"

भाच्याला सांगता येईना.

मामा मग मतदार ओळखपत्रांच्या दिवसांवर आले. 1993 मध्ये शेषन साहेबांच्या निवडणूक आयोगानं फोटोची ओळखपत्रं करायचा आदेश काढला. पुढे मोसम खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर मामा कॅमेरा घेऊन फिरले. सरकारी माणसाला घाई, बायका पदरात. "तोंड उघड म्हटलं तर उघडायच्या, पण डोळे जमिनीत. मग मी कॅमेरा खाली ठेवायचो. आक्का, नाव काय, माहेर कुठलं, विचारायचो. शेजारीण जवळ बसवायचो. पदर त्यांच्या त्याच सारायच्या. नाव सांगताना माणूस तुझ्याकडे बघतो ना, मग फोटो."

असाच आदेश घेऊन 1960 मध्ये मार्क गारांजे हा फ्रेंच सैनिक मोरोक्कोच्या शेजारच्या अल्जीरियात उभा होता. सक्तीच्या लष्करी सेवेतला तरुण. ओळखपत्रांसाठी त्यानं सुमारे दोन हजार लोकांचे फोटो काढले, त्यात बहुतेक बायका. परक्या पुरुषापुढे त्यांना चेहरा उघडा करायला लावलं होतं. त्या फोटोंतल्या नजरा आजही अंगावर येतात. त्या मुलखात कोणी कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरला, तर त्याला उर्मट ठरवण्याआधी एवढं ठाऊक असावं.

पुढच्या बाजाराला मामांनी अट घातली. दुपारपर्यंत कॅमेरा पिशवीतच. भाचा मिरचीवाल्या मावशींपाशी गेला. मिरची विकत घेतली, कुठली, किती तिखट, विचारत बसला. गिऱ्हाईक वाढलं तेव्हा त्यांच्या पिशव्या धरून दिल्या. ऊन कलल्यावर मावशीच म्हणाल्या, "आते काढ भो. पण माले कागदवर दे."

मग तो मोरोक्कोला गेला. फेसमध्ये शुआराची चामडी कमावण्याची कुंडं सगळे पाहुणे गच्चीवरून पाहतात. वास सहन व्हावा म्हणून हातात पुदिन्याची काडी असते. तिथून खाली उभ्या मजुरांचे त्यानंही दोन-चार फोटो घेतले आणि गच्ची उतरला. जुन्या शहराच्या गल्ल्यांत मोहल्ल्याची सामायिक भट्टी असते. घरोघरची मुलं मळलेल्या पिठाच्या पाट्या तिथं भाजायला आणतात. भट्टीवाल्यानं आधी मानेनंच नाही म्हटलं. भाचा पाव घेऊन तिथंच खात बसला, रोज जात राहिला. निघायच्या आदल्या दिवशी भट्टीवाल्यानं हात पुसले आणि लांब दांड्याचं फावडं घेऊन स्वतःच उभा राहिला. माराकेशच्या जमा अल फना चौकात गारुडी आणि पाणीवाले फोटोचे पैसे मागतात. त्यांचं पोट त्यावर आहे. भाच्यानं आधी पैसे ठरवले, मगच कॅमेरा काढला.

परत आला तेव्हा मित्रांनी विचारलं, एवढे दिवस गेलास आणि इतकेच फोटो? उंट कुठाय?

मामांनी भट्टीवाल्याचा मोठा प्रिंट काढला, पुठ्ठा लावून पाकिटात भरला. पत्ता त्याच्याच हातचा, अरबीत. त्याखाली इंग्रजीतून मोरोक्को लिहून नामपूरच्या पोस्टातून रवाना केला.

मावशींचा प्रिंट मात्र दुसऱ्याच बाजाराला परत आला. "मिरच्या लाल दिखतस, मी कसाले काळी?" भाच्यानं सावलीत बसवून त्यांचा फोटो नव्यानं काढला. दुसऱ्या कागदाचे पैसे मामांनी त्याच्याकडूनच घेतले.