हुबाराची शिकार : परवानगी आणि परीक्षा



आपल्या कुटुंबांतील कितीतरी तरुण आज अबूधाबी, दुबई, कतर, कुवेत येथे नोकरीनिमित्त राहतात. थंडी सुरू झाली की तेथे ससाणे घेऊन वाळवंटात जाण्याचा हंगाम येतो आणि एखाद्या अरब यजमानाच्या तळावर आपल्या मुलालाही आमंत्रण मिळते. काहींचे नातलग अमेरिका-कॅनडात आहेत. परवाना काढून रानहंसांची शिकार करणारे शेजारी त्यांनाही सोबत बोलावतात. मग घरी फोन येतो की हे मांस हलाल आहे का, आणि मी स्वतः बंदूक चालविली तर काय. प्रश्न साधा वाटतो; पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाही. जे हलाल आहे ते किती घ्यावे?

शिकारीविषयीचे आदेश मुख्यत्वे सूरह अल् माइदामध्ये आले आहेत. या सूरहचा आरंभच करार पाळण्याच्या आज्ञेने होतो आणि त्याच पहिल्या आयतीत इहरामच्या अवस्थेत शिकार हलाल न मानण्याची ताकीद आहे. ही जवळीक लक्षात घेण्याजोगी आहे. परदेशात राहणाऱ्याचा व्हिसा हा एक करार आहे, शिकारीचा परवानाही करार आहे. कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, किती संख्येने, हे त्या देशाने ठरवून दिले असेल तर ते मोडून आणलेला पक्षी घेऊन दस्तरखानावर बसणे ईमानवंताला शोभत नाही. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा ठरविला आहे. जायकवाडीला हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब असोत वा माळावरचे तितर, ते पाहावेत आणि निर्मात्याची स्तुती करावी; येथे शिकारीचा विषयच संपतो. पुढील सर्व चर्चा जेथे कायद्याने मुभा आहे तेथील नवशिक्यासाठी आहे.

याच सूरहच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांचा उल्लेख आहे. त्यांना जे शिकविले जाते ते अल्लाहने माणसाला दिलेल्या ज्ञानापैकीच आहे, असे तेथे सांगितले असून, त्यांनी तुमच्यासाठी धरून ठेवलेले खाण्याची, त्यावर अल्लाहचे नाव घेण्याची आणि अल्लाहचे भय बाळगण्याची आज्ञा आहे. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी यातून ज्ञानाची थोरवी दाखविली आहे: शिकलेल्या कुत्र्याची शिकार हलाल आणि न शिकलेल्याची हराम, म्हणजे विद्येने कुत्र्याच्याही कामाचे मोल बदलते.

ह. अदी बिन हातिम (रजि.) हे प्रसिद्ध दानशूर हातिम ताई यांचे चिरंजीव. ते स्वतः शिकारी होते, म्हणून त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना बारकाईने प्रश्न विचारले. बुखारी व मुस्लिम यांत आलेल्या त्यांच्या हदीसचा आशय असा की, शिकविलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला तर त्याची शिकार खावी. पण त्याने त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण त्याने ती स्वतःसाठी धरली असण्याची भीती आहे. दुसरा कुत्रा त्यात सामील झालेला दिसला तरी खाऊ नये, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, त्या दुसऱ्यावर नव्हे. शिकार पाण्यात पडलेली आढळली तरी सोडून द्यावी.

ससाण्याच्या बाबतीत मजहबांत थोडा फरक आहे. हनफी फुकहांच्या मते ससाण्याचे शिक्षण म्हणजे हाकेला परत येणे; त्याने शिकारीतले थोडे खाल्ले तरी ती हलाल राहते. शाफई मजहबच्या प्रबळ मतानुसार ससाण्यानेही खाता कामा नये. आपले कोकणी बांधव बहुतांशी शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी, त्यामुळे एकाच खोलीत राहणाऱ्या दोन मराठी मित्रांना दोन उत्तरे मिळू शकतात. त्यावरून वाद घालू नये. व्यवहारात उपाय सोपा आहे. ससाण्याच्या डोळ्यांवरील टोपी काढून त्याला सोडताना बिस्मिल्लाह म्हणावे, तो पक्ष्यावर उतरताच धावत जाऊन पोहोचावे, आणि पक्षी जिवंत असेल तर लगेच धारदार सुरीने जबह करावे. जिवंत हाती आलेला पक्षी जबह न करता मरू दिला तर तो हलाल राहत नाही, यात कोणाचे दुमत नाही. म्हणून नवशिक्याने शिकारीला निघताना पहिली वस्तू पाहावी ती सुरी. ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसनुसार अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम वर्तन बंधनकारक केले आहे, जीव घेतानासुद्धा, सुरीला धार लावणे आणि जनावराला आराम देणे हा त्याचाच भाग आहे. बोथट सुरी घेऊन वाळवंटात उतरणारा माणूस, त्याचा ससाणा कितीही महागाचा असो, तयारीविना आला आहे.

बंदुकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पिसांविना बाण टोकाने लागला तर शिकार खावी आणि आडवा लागून माराने मेली तर खाऊ नये, असे प्रेषितांनी (स.) ह. अदी (रजि.) यांना सांगितले होते. गोळी टोकासारखी भेदते की माराने चिरडते, यावर पुढच्या आलिमांत मतभेद झाला. इब्ने आबिदीन शामी (रह.) आणि त्यांच्यामागून जाणारे हनफी मुफ्ती गोळीने मेलेला पक्षी हलाल मानीत नाहीत, मालिकी आलिम आणि आजचे बरेच अरब आलिम मानतात. छर्ऱ्यांनी पडलेला रानहंस जिवंत असतानाच गाठून जबह केला तर सर्वांच्याच मते शंका उरत नाही. म्हणून पाण्यावर बसलेल्या किंवा पाण्यावरून उडणाऱ्या हंसावर नेम धरू नये. जमिनीवर पडेल तेथेच धरावा. थव्यात अंदाजाने बार टाकू नये, एकच पक्षी निवडावा. अनुभवी शिकारी साधारण चाळीस यार्डांच्या आत पक्षी आल्याशिवाय बार काढीत नाहीत. लांबून मारलेला पक्षी जखम घेऊन निघून जातो आणि कोठेतरी झुडपात तडफडून मरतो; तो ना तुमच्या उपयोगाचा, ना त्याला जबहचा दिलासा. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, तेही ध्यानात ठेवावे. पक्षी शिकारी कुत्र्याने तोंडात धरून आणला असेल तर शाफई बांधवांनी दाताची जागा सात वेळा, त्यांतील एकदा मातीने, धुवावी.

आता त्या दडलेल्या प्रश्नाकडे येऊ. आखाती देशांत ससाण्याने ज्या पक्ष्याची शिकार सर्वांत मानाची समजतात तो म्हणजे हुबारा. उर्दूत त्याला तिलोर म्हणतात. वाळूच्या रंगाचा, उंच पायांचा हा पक्षी आपल्या माळढोकच्याच कुळातला आहे. कझाकस्तान, मंगोलियाकडील गवताळ प्रदेशांत तो जमिनीवरच अंडी घालतो आणि हिवाळ्यात इराण, बलुचिस्तान, सिंध, अरबस्तानपर्यंत हजारो मैल उतरतो. झाडावर बसणे त्याला ठाऊक नाही. मोकळी जमीन हेच त्याचे घर. ह. सफीना (रजि.) यांनी प्रेषितांसोबत (स.) हुबाराचे मांस खाल्ल्याची एक रिवायत अबू दाऊद व तिर्मिजी यांत आहे. तिची सनद मुहद्दिसांनी कमजोर ठरविली आहे; तरी पक्षी हलाल आहे याविषयी शंका नाही, कारण तो पंजांनी शिकार करणाऱ्या पक्ष्यांपैकी नाही.

हलाल आहे, पण उरला किती? जगभरच्या पक्षितज्ज्ञांनी आशियाई हुबाराला धोक्यातील पक्ष्यांत गणले आहे. पाकिस्तानात अरब पाहुण्यांना दिल्या जाणाऱ्या विशेष परवान्यात दहा दिवसांत शंभर पक्ष्यांची मर्यादा असे. २०१४ मध्ये बलुचिस्तानातील चागी जिल्ह्यात एका शाही ताफ्याने २१ दिवसांत २,१०० हुबारा मारल्याचे तेथील वन अधिकाऱ्याच्या अहवालावरून वृत्तपत्रांनी छापले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने या शिकारीवर बंदी घातली आणि २०१६ च्या जानेवारीत ती उठविली. या मांसाने पौरुष वाढते अशी एक समजूतही पसरलेली आहे. तिला ना हदीसचा आधार, ना वैद्यकाचा.

दोन हजार पक्षी कोणी खाण्यासाठी मारीत नाही. विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी अल्लाहपुढे गाऱ्हाणे मांडील, असा इशारा नसाईतील हदीसमध्ये आला आहे, आणि जिवंत प्राण्याला नेमाचे लक्ष्य बनविणाऱ्याला प्रेषितांनी (स.) धिक्कारले आहे. शिकारीच्या मागे लागलेला गाफील होतो, असेही त्यांनी बजावले. गफलत केवळ नमाजची नसते, मोजण्याचीही असते. कुत्र्याने खाल्ले तर त्याने स्वतःसाठी धरले म्हणून ती शिकार आपण टाकून देतो. मग ससाणा सोडणारा माणूस कोणासाठी धरतो आहे? कुटुंबासाठी, पाहुण्यासाठी, गरिबासाठी, की मोबाइलमधल्या छायाचित्रासाठी? पक्ष्याकडून जेवढा संयम आपण मागतो, त्याहून कमी संयम घेऊन त्याच्या मागे धावणे मला तरी लाजिरवाणे वाटते.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग तफसीरच्या ग्रंथांत नोंदलेला आहे. जालीम फक्त स्वतःचेच नुकसान करतो, असे कोणी म्हणाले. त्यावर अबू हुरैरा (रजि.) यांनी शपथेवर ते खोडून काढले आणि जालिमाच्या जुलमामुळे हुबारासुद्धा आपल्या घरट्यात खंगून मरतो, असे सांगितले. त्यांनी नेमका हुबाराच निवडला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. आज तेथेही तो क्वचितच दिसतो. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, पूर्वी बंदुकाही चालल्या. सूरह अल् अन्आमच्या ३८ व्या आयतीत पंखांनी उडणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला आपल्यासारखीच एक उम्मत म्हटले आहे. एक उम्मत नाहीशी होणे ही लहान गोष्ट नव्हे.

अरबांनी याचा विचार केला नाही असे नाही. अबूधाबीत २००६ मध्ये हुबाराच्या संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय निधी स्थापन झाला, पैदास केंद्रांत वाढविलेले पक्षी रानात सोडले जातात, आणि अबूधाबीच्या अल् मर्जूम राखीव क्षेत्रात अशाच पक्ष्यांवर ससाणे सोडण्याची सोय आहे. नवशिक्याला आमंत्रण आले तर अशा जागी जाणे बरे. मात्र तेथे मालकाची परवानगी आणि ठरलेली संख्या पाळावी, आणि हाताने धरता येईल असा माणसाळलेला पक्षी समोर आला तर त्याच्यावर ससाणा सोडू नये. जो हाती येऊ शकतो त्याला जबह करणेच आवश्यक आहे.

हुदैबियाच्या प्रवासात, हिजरी ६ मध्ये, इहराम बांधलेल्या सहाबांच्या तळात शिकार इतकी जवळ आली की हाताने धरता यावी आणि भाल्याने टिपता यावी. अल् माइदाच्या ९४ व्या आयतीत या जवळिकीलाच परीक्षा म्हटले आहे: न पाहता अल्लाहचे भय कोण बाळगतो, हे उघड व्हावे म्हणून. नवशिक्याच्या वाट्याला ही परीक्षा पहिल्याच सकाळी येते. परवाना दोनचा असतो, तिसरा पक्षी अगदी समोर उठतो आणि आसपास पाहणारे कोणी नसते.

शेवटी एक सूचना उमराहला जाणाऱ्यांसाठी. आखातातून कित्येक जण सुट्टीत तळावर दोन दिवस काढून थेट मक्केकडे निघतात. इहराम बांधल्यापासून जमिनीवरची शिकार पूर्ण निषिद्ध आहे. हरमच्या हद्दीत तर इहराम नसलेल्यालाही ती निषिद्ध आहे. जाणूनबुजून केल्यास ९५ व्या आयतीप्रमाणे तितक्याच तोलाचे जनावर, गरिबांना अन्न किंवा रोजे असा भरपाईचा आदेश आहे, आणि त्याचा निवाडा जाणकार आलिमाकडून करून घ्यावा. नुसते बोट दाखवूनही मदत करू नये. ह. अबू कतादा (रजि.) इहराममध्ये नव्हते, त्यांनी त्याच प्रवासात रानगाढव मारले; सोबतचे सहाबा इहराममध्ये होते, ते खावे की नाही अशा संभ्रमात पडले. तेव्हा प्रेषितांनी (स.) एवढेच विचारले की तुमच्यापैकी कोणी त्याला शिकार करायला सांगितले होते का, कोणी तिकडे इशारा केला होता का. कोणीही नाही, असे उत्तर मिळाल्यावर उरलेले मांस खाण्याची त्यांना अनुज्ञा मिळाली.