मृत जमीन कोणती?

मृत पडलेली जमीन जो जिवंत करील तिच्यावर त्याचाच हक्क, या आशयाची हदीस आपण ऐकली असेल. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत ती आहे. शेतकरी मुस्लिम घरांत ती अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे; घाम गाळणाऱ्याला मालकी देणारी ही शिकवण आहे. परंतु तिच्यातील एका शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो. जमीन मृत आहे, हे ठरवायचे कशावरून?

सोलापूरजवळील नान्नजचा माळ डोळ्यांसमोर आणा. मुरमाड जमीन, वर्षातील बराच काळ पिवळे पडलेले गवत, मधूनच एखादे बोरीचे झुडूप. सरकारी दप्तराच्या भाषेत अशी जमीन म्हणजे पडीक. याच पडीक माळावर काळविटांचे कळप चरतात, लांडगे पिले वाढवतात, धनगरांची मेंढरे पोसली जातात. आणि याच माळावर माळढोक राहत आला. उंची सुमारे मीटरभर, नराचे वजन 15 किलोपर्यंत. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता उघड्या जमिनीवर.

या पक्ष्यासाठी 1979 मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. त्याच सुमारास, 1980 मध्ये, भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने वाढले. दुष्काळाने पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या या भागाला पाणी मिळाले, ही अल्लाहची कृपाच होय. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण माळाचे तुकडे पडत गेले. कुठे शेत, कुठे रस्ता, कुठे उच्चदाबाच्या वीजवाहिन्या. माळढोकला समोरचे नीट दिसत नाही. वजनदार असल्यामुळे तारा जवळ आल्यावर त्याला चटकन वळता येत नाही, आणि तो आदळून मरतो. आज साऱ्या भारतात हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, तेही बहुतेक राजस्थानच्या जैसलमेर भागात. महाराष्ट्रात एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

आता फिक्ह काय सांगते ते पाहा. गावकऱ्यांची गुरे जिथे चरतात, जिथून त्यांना सरपण मिळते, ती जमीन हनफी फुकहांनी 'मवात', म्हणजे मृत, मानलेली नाही. तिथे नांगर फिरलेला नसेल, तिला मालकही नसेल. तरी ती कोणाच्या तरी जगण्याला लागते, म्हणून ती जिवंत. हा नियम माणसांच्या गरजेसाठी सांगितला गेला, हे मान्य. पण त्याचे तत्त्व माणसापाशीच थांबते काय? सूरह अल-बकराच्या 29व्या आयतीनुसार पृथ्वीवरील सर्व काही मानवासाठी निर्माण केले गेले. विकासाच्या चर्चेत तिचाच दाखला दिला जातो. सूरह अर-रहमानमध्ये मात्र ही धरती 'अल-अनाम'साठी पसरली असल्याचे सांगितले आहे, आणि अनेक भाष्यकारांनी या शब्दाचा अर्थ सर्व सजीव असा केला आहे. सूरह अल-अनआमची 38वी आयत तर पशुपक्ष्यांना आपल्यासारख्याच 'उम्मत' म्हणते. उम्मत म्हटली की तिला राहायला जागा हवी. एखाद्या उम्मतीचे घर आपण पडीक म्हणून नोंदवावे आणि मग ते 'जिवंत' करण्याचे श्रेय घ्यावे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

इथे एक गोष्ट ओघात सांगायला हवी. झाड लावणे हा सदका आहे, म्हणून आपल्या संस्था मोठ्या उत्साहाने माळावर रोपे लावतात. हेतू उत्तम. परंतु माळढोकला दूरवर दिसणारी मोकळी जागा लागते. दाट झाडी झाली की तो ती जागा सोडतो. गावात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात जरूर झाडे लावा. गवताळ माळ मात्र गवताळच राहू द्या.

यावर कोणी विचारील, मग गरीब शेतकऱ्याने काय करायचे? प्रश्न खरा आहे. नान्नजचे अभयारण्य सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावेच्या गावे, खासगी शेते आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी माया राहण्याऐवजी राग साचला. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांनी त्याची किंमत लहान शेतकऱ्याकडून वसूल केली, असेच म्हणावे लागते.

राखीव कुरणाची, म्हणजे 'हिमा'ची, प्रथा इस्लामपूर्व अरबस्तानातही होती. पण तेव्हा टोळीचा सरदार उत्तम चराई स्वतःसाठी अडवून ठेवी. अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांशिवाय कोणाचाही हिमा नाही, असे सांगून पैगंबर (स.) यांनी ती मक्तेदारी मोडली. हजरत उमर (रजि.) यांनी सदक्याच्या जनावरांसाठी आणि जिहादच्या घोड्या-उंटांसाठी कुरण राखले, तेव्हा रखवालीवर नेमलेल्या हुनै यांना दिलेली सूचना बुखारीत नोंदलेली आहे. थोडी मेंढरे, थोडे उंट असलेल्याला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र येऊ देऊ नकोस. हे दोघेही थोर सहाबी. परंतु त्यांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुरीच्या बागा होत्या. गरिबाची जनावरे मेली तर तो मुलाबाळांसह खलिफाच्या दारात येऊन उभा राहील, हे उमर (रजि.) जाणून होते. शिवाय ही जमीन मुळात त्या लोकांचीच आहे, हेही त्यांनी तिथेच मान्य केले.

नान्नजच्या माळाला हा निकष लावून पाहा. मेंढरे घेऊन येणारा धनगर आणि गायरानाची शेकडो एकर जमीन एका सहीने मिळवणारा प्रकल्पवाला, यांतील कोणाला आज फाटकावर अडवले जाते? तुमच्या गावच्या ग्रामसभेत गायरान देण्याचा ठराव येईल, तेव्हा तिथे कोण चरते आणि कोण अंडी घालते, हे हात वर करण्यापूर्वी विचारता येईल.