हातात किती, वर किती

आसनगाव-खर्डीपासून मुरबाडच्या सरळगाव-टोकावड्यापर्यंत गावातलं जुनं घर विकायला निघालं, तर पाटी लागत नाही की जाहिरात येत नाही. टपरीवर विषय निघतो आणि दुसऱ्या दिवशी एजंट ओटीवर येऊन बसतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, तुम्हाला हातात किती पाहिजेत?"

काका आकडा सांगतात आणि तिथेच फसतात. त्यावर गिऱ्हाईकाकडून किती घेतले, ते त्यांच्या कानावर येत नाही. आमच्या शेजारच्या मावशींना गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं ते थेट दुय्यम निबंधकांच्या कचेरीतल्या बाकावर. बोलता बोलता त्याने आपण मोजलेली रक्कम सांगून टाकली. मावशींनी घरपट्टीच्या उताऱ्याची घडी केली, पुन्हा उलगडली, लेकाकडे पाहिलं. टोकन घेऊन महिना झाला होता, पैसे खर्चही झाले होते. त्यांनी सही केली.

एजंटाचे कष्ट मी नाकारत नाही. वारसनोंद राहिलेली असते, बहिणींचं हक्कसोडपत्र व्हायचं असतं, भाऊबंदकी मिटवायची असते, तलाठ्याकडे हेलपाटे घालायचे असतात. त्याचे टक्का-दोन टक्के त्याला मिळालेच पाहिजेत, आणि ते उघडपणे. दलालीचा दर कोणत्याही कायद्याने बांधलेला नाही, म्हणून तर तो आधी बोलून ठरवायचा.

महारेरा 2017 साली आलं, पण एजंटांची तिथली नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. गावठाणातलं कौलारू घर त्यात बसत नाही. तरी मालक उघड्यावर पडलेला नाही. 1872 च्या करार कायद्यातलं 216 वं कलम त्याच्या बाजूने आहे. मालकाच्या नकळत एजंटाने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा साधला, तर तो फायदा मालक मागू शकतो. मात्र त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि मावशींसारखी माणसं ती चढत नाहीत.

खरेदीदारालाही खरं सांगणं हे एजंटाचंच काम. आपल्याकडे ठाकूर, कातकरी, वारली खातेदार पुष्कळ. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही, हे महसूल संहितेच्या 36 अ कलमात स्पष्ट आहे. तरीही "कुलमुखत्यारपत्र करून टाकू" असं सर्रास सांगितलं जातं. निव्वळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे. ही गोष्ट लपवून दलाली घेणारा माणूस माझ्या मते दोन घरं बुडवतो.

घर विकायला काढलं असेल, तर "हातात किती" या प्रश्नाला उत्तर देऊ नका. दलालीचा टक्का कागदावर लिहून घ्या, गिऱ्हाईकाला ओटीवर बोलवा, आकडा त्याच्या तोंडून ऐका आणि मगच टोकनाला हात लावा.